शेवटची ओळ कुणाची?

बोर्डाला वीज दिली, लाल दिवा लागला आणि पुढं काहीच झालं नाही.

हे पुस्तक लिहायला घेतलं तेव्हा वहीच्या पहिल्या पानावर मी एवढंच लिहिलं होतं. गेली कित्येक वर्षं मला येणारे फोन याच वाक्यानं सुरू होतात. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाची मुलं, लहान कारखान्यात देखभाल सांभाळणारे तंत्रज्ञ, शाळेत रोबोटिक्स शिकवणाऱ्या बाई, बागेत हवामानयंत्र बसवणारे शेतकरी. माणसं वेगवेगळी, वाक्य तेच. मागोमाग येणारं दुसरं वाक्यही ठरलेलं असतं: "कार्ड पुन्हा लिहून बघितलं, तरी तसंच." मग मी विचारतो, "शेवटची ओळ कुणाची आली?" आणि पलीकडं शांतता पसरते. ओळ म्हणजे काय, ती कुठं दिसते, ती कोण लिहितं, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. ते नीट, सावकाश सांगावं म्हणून हे पुस्तक लिहिलं.

विषय आहे छोट्या बोर्डांवरच्या लिनक्सचा. तळहातावर मावेल एवढी पाटी, तिच्यावर एक प्रोसेसर, थोडी मेमरी, कार्ड बसवायची खाच आणि कडेला पिनांच्या रांगा. एवढ्याशा जागेत पूर्ण ऑपरेटिंग सिस्टिम चालते. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी रास्पबेरी पाय बाजारात आला आणि ही गोष्ट सामान्य विद्यार्थ्याच्या आवाक्यात आली. पण घराघरात लिनक्स त्याच्या बरंच आधी पोचलं होतं, फक्त कुणाला दिसत नव्हतं. लिंक्सिस कंपनीचा डब्ल्यूआरटी५४जी हा निळा-काळा वायफाय राउटर २००२ च्या अखेरीस आला. त्याच्या आत लिनक्स आहे हे पुढच्याच वर्षी लोकांनी शोधून काढलं आणि लिनक्सच्या परवान्यातल्या अटींप्रमाणे कंपनीला त्याचा सोर्स कोड खुला करावा लागला. त्या कोडवरूनच पुढं ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरांसाठीची खुली सिस्टिम उभी राहिली. त्या राउटरच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत ४ एमबी फ्लॅश आणि १६ एमबी रॅम होती. आज मोबाइलनं काढलेला एक फोटोही ४ एमबीत मावेलच असं नाही. त्या जागेत कर्नल, फायरवॉल, वायफाय आणि सेटिंगची पानं दाटीवाटीनं नांदत होती. या दाटीवाटीची एक शिस्त असते आणि मला या क्षेत्राची ओढ लागली ती त्या शिस्तीमुळं.

उदाहरणांसाठी मी दोन बोर्ड निवडले. रास्पबेरी पाय, कारण तो सगळीकडं मिळतो. आणि बीगलबोन ब्लॅक, कारण त्याचे आराखडे खुले आहेत आणि चालू होताना तो प्रत्येक पायरीवर काय करतोय ते बघता येतं. शिकायचं असेल तर बीगलबोन हाताशी ठेवा, असं माझं ठाम मत आहे. पाय वापरायला सोपा आहे खरा, पण त्याची सुरुवात झाकलेली आहे. जुन्या पायमध्ये वीज मिळाल्यावर आधी ग्राफिक्सचा प्रोसेसर जागा होतो, तो कार्डावरची कंपनीनं दिलेली फाइल वाचतो आणि मगच मुख्य प्रोसेसरला कामाला लावतो. त्या भागात आपल्याला डोकावता येत नाही. तिथं काही बिनसलं तर हिरवा दिवाच काय तो सांगतो. तो ठरावीक अंतरानं ४ वेळा लुकलुकला तर सुरुवातीची फर्मवेअर फाइल सापडलेली नाही, ७ वेळा लुकलुकला तर कर्नलची फाइल सापडलेली नाही. ही लुकलुक मोजायची असते हेच कित्येकांना ठाऊक नसतं.

बीगलबोनची गोष्ट मात्र पहिल्यापासून वाचता येते. वीज मिळाली की प्रोसेसर आपल्याच पोटातल्या रॉमकडं वळतो. हा प्रोग्रॅम कारखान्यात कोरलेला; तो बदलत नाही, पुसला जात नाही, आणि फार हुशारही नाही. त्याला फक्त एक यादी ठाऊक असते: आधी बोर्डावरची कायमची मेमरी बघ, मग कार्ड, मग सिरीयल, मग यूएसबी. तिथं त्याला एमएलओ नावाची छोटी फाइल हवी असते. छोटी म्हणजे किती? जास्तीत जास्त १०९ केबी. कारण या घटकेला बोर्डावरची ५१२ एमबी रॅम असून नसल्यासारखी आहे. ती सुरू करायची तर तिच्या कंट्रोलरला वेळेची गणितं भरून द्यावी लागतात आणि ती अजून कुणी भरलेली नाहीत. तोवर सगळा संसार प्रोसेसरच्या आतल्या चिमुकल्या मेमरीत मांडायचा. एमएलओ येते, रॅम जागी करते आणि त्या मोकळ्या रॅममध्ये यू-बूट नावाचा मोठा बूटलोडर आणून ठेवते. यू-बूट कर्नल आणतो, हार्डवेअरचं वर्णन असलेली डिव्हाइस ट्री आणतो, दोन्ही रॅममध्ये ठेवतो, कर्नलला सूचनांची एक ओळ देतो आणि बाजूला होतो. कर्नल उठतं, ड्रायव्हर जोडतं, रूट फाइलसिस्टिम शोधतं आणि त्यातला इनिट हा पहिला प्रोग्रॅम चालवतं. तिथून पुढं आपल्या ओळखीचं लिनक्स.

यू-बूटबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. जर्मनीतल्या वोल्फगांग डेंक यांनी तो पॉवरपीसी बोर्डांसाठी सुरू केला, तेव्हा त्याचं नाव पीपीसीबूट होतं. २००२ मध्ये इतर प्रोसेसरही त्यात आले आणि नाव बदललं. यू-बूट म्हणजे जर्मन भाषेत पाणबुडी. २०२२ मध्ये डेंक गेले. जगातल्या असंख्य राउटरांत, कॅमेऱ्यांत, यंत्रांच्या कंट्रोल पॅनेलमध्ये त्यांनी सुरू केलेलं हे काम रोज सकाळी सगळ्यांच्या आधी उठतं आणि कुणाच्या लक्षात यायच्या आत बाजूला होतं.

ही पायऱ्यांची रांग मी इतकी सविस्तर सांगितली, कारण या पुस्तकातला मुख्य विचार तिच्यातच आहे. पालखीच्या खांदेपालटासारखं हे काम आहे. रॉमच्या खांद्यावरून एमएलओच्या, एमएलओकडून यू-बूटच्या, यू-बूटकडून कर्नलच्या, कर्नलकडून इनिटच्या. ज्याच्या खांद्यावर भार आहे तो चालत असतो तोवर सहसा काही बिघडत नाही. बिघडतं ते खांदा बदलताना. पुढच्याला यायला उशीर झाला, पुढचा भलताच निघाला, मागच्यानं सांगितलेला पत्ता चुकला. म्हणून बिघाड शोधताना आधी एवढंच पाहायचं, की शेवटचं कोण बोललं आणि त्यानं भार कुणाकडं द्यायचा होता. हे कळलं की शोधायची जागा एका गावाऐवजी एका खोलीएवढी उरते. कार्ड पुन्हा लिहिण्यानं हीच माहिती पुसली जाते.

बोलणं ऐकायचं तर तीन तारा लागतात. यूएसबी-टू-सिरीयल केबल मिळते, पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला, किंवा घरबसल्या. तिची जमीन बोर्डाच्या जमिनीला, तिचं पाठवणारं टोक बोर्डाच्या ऐकणाऱ्या पिनेला, तिचं ऐकणारं टोक बोर्डाच्या पाठवणाऱ्या पिनेला. रास्पबेरी पायवर या पिना याच क्रमानं ६, १० आणि ८. बीगलबोनवर स्वतंत्र सहा पिनांची रांग आहे, तिथं १, ४ आणि ५. लाल तार असेल तर ती मोकळी ठेवायची आणि टोकाला चिकटपट्टी गुंडाळायची, कारण तिच्यात ५ व्होल्ट असतात. केबल ३.३ व्होल्टचीच आहे हे घेतानाच विचारून घ्यायचं. ५ व्होल्टच्या सिग्नलनं बोर्डाची पिन कायमची जाऊ शकते. वेग ११५२००. संगणकावर पिकोकॉम किंवा मिनीकॉम उघडायचं आणि मग बोर्डाला वीज द्यायची. क्रम महत्त्वाचा आहे. आधी वीज दिली तर पहिल्या ओळी ऐकायला आपण हजरच नसतो.

काही न दिसणं आणि वेडंवाकडं दिसणं यांतही फरक आहे. काहीच आलं नाही तर पाठवणारं आणि ऐकणारं टोक उलटं लागलंय का ते आधी बघावं. माझ्याकडं आलेल्या तक्रारींतली मोठी संख्या एवढ्यावरच मिटते. अक्षरं येतात पण ती वाचता येत नाहीत, तेव्हा वेग जुळत नाही किंवा जमिनीची तार सैल आहे. रास्पबेरी पाय ३ वर यात आणखी एक भर पडली. तिथं चांगला सिरीयल पोर्ट ब्लूटूथला देण्यात आला आणि पिनांवर दुय्यम पोर्ट आला. या दुय्यम पोर्टाचा वेग आतल्या क्लॉकवर अवलंबून असतो. क्लॉक हलला की अक्षरं फिसकटतात. कॉन्फिग फाइलमध्ये सिरीयल चालू करायची एक ओळ लिहिली की क्लॉक स्थिर राहतो. जुनी उत्तरं वाचून केबल बदलत बसलेली मुलं मी पाहिली आहेत.

बीगलबोनवर एकापाठोपाठ सी, सी, सी अशी अक्षरं येत राहिली तर घाबरू नये. ती रॉमची हाक आहे. मेमरीत आणि कार्डात त्याला काही मिळालं नाही, म्हणून तो सिरीयलवरून प्रोग्रॅम मागतोय. म्हणजे प्रोसेसर जिवंत आहे, केबल बरोबर आहे, वेगही बरोबर आहे; चुकलं आहे ते कार्ड. एका अक्षरात एवढी माहिती मिळते.

यू-बूटनं कर्नल सुरू करतोय असं लिहिलं आणि मग सामसूम झाली, ही सगळ्यांत फसवी अवस्था. बहुतेक जण समजतात की कर्नल मेलं. पुष्कळदा ते ठणठणीत असतं, पण त्याला भलत्याच पोर्टवर बोलायला सांगितलेलं असतं. बीगलबोनच्या जुन्या कर्नलमध्ये सिरीयल पोर्टचं नाव टीटीवाय, मग इंग्रजी ओ हे अक्षर, मग शून्य असं होतं. नव्या कर्नलमध्ये ओच्या जागी एस आला. जुन्या धड्यातली ओळ जशीच्या तशी उतरवली की बोर्ड पूर्ण सुरू होतो, नेटवर्कवर दिसतो, आणि कन्सोलवर चकार शब्द काढत नाही. म्हणून कर्नलला द्यायच्या ओळीसाठी मी एक आख्खं प्रकरण राखून ठेवलं आहे. ती एक ओळ वाचता आली की निम्मं काम होतं.

आणखी एक ठिकाण जवळून बघू. कर्नल ओळींमागून ओळी लिहितं आणि शेवटी म्हणतं, कर्नल पॅनिक, रूट फाइलसिस्टिम जोडता येत नाही. त्या ओळीच्या शेवटी कंसात दोन आकडे असतात आणि सगळे जण ते सोडून देतात. खरा निरोप त्याच आकड्यांत असतो. कंसात ०,० असेल तर कर्नलला ते कार्डच ओळखता आलेलं नाही: ड्रायव्हर नाही, किंवा नाव चुकलं, किंवा कार्ड जागं व्हायच्या आधीच कर्नलनं शोध संपवला. शेवटच्या कारणावर उपाय सोपा, त्याला थांबायला सांगणारा रूटवेट हा शब्द सूचनांच्या ओळीत घालायचा. पण कंसात १७९,२ असेल तर गोष्ट वेगळी. १७९ हा एमएमसी कार्डांचा क्रमांक, २ हा दुसरा भाग. म्हणजे कार्ड दिसलं, दुसरा भागही दिसला, आतली मांडणी तेवढी वाचता आली नाही. एकतर त्या फाइलसिस्टिमचा आधार कर्नलमध्ये घेतलेला नाही किंवा तो भाग खराब झालाय. पहिल्या प्रकारात कार्ड बदलून उपयोग नाही, दुसऱ्यात कदाचित आहे. आकडे न वाचता कार्ड बदलणारा माणूस दोन्ही वेळा सारखाच दमतो.

अशीच एक ओळ इनिटच्या पलीकडं भेटते. तुम्ही प्रोग्रॅम बनवला, बोर्डावर नेला, यादीत तो समोर दिसतोय, चालवायला गेलात तर उत्तर येतं, अशी फाइल किंवा डिरेक्टरी नाही. डोळ्यांसमोर असलेली फाइल नाही म्हणून सांगितल्यावर माणूस हताश होतो. सिस्टिम खरंच सांगत असते. सापडत नसते ती त्या प्रोग्रॅमला सुरू करून देणारी दुसरी फाइल, लोडर. प्रोग्रॅम एका प्रकारच्या एआरएमसाठी बनवला आणि बोर्डावरची लायब्ररी दुसऱ्या प्रकारची असेल तर हे घडतं. रीडएल्फ ही आज्ञा देऊन प्रोग्रॅमला कुठला लोडर हवाय ते विचारायचं आणि तो तिथं आहे का ते बघायचं. दोन मिनिटांचं काम. मला हे कळायला माझ्या पहिल्या नोकरीत दोन दिवस लागले होते.

डिव्हाइस ट्रीचं प्रकरण लांबलंय, आणि ते मुद्दाम लांबवलं आहे. एआरएमच्या जगात पूर्वी प्रत्येक बोर्डासाठी कर्नलमध्येच वेगळा कोड लिहीत. बोर्ड वाढले, कोडचं जंगल झालं. २०११ च्या मार्चमध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी याबद्दल जाहीर आणि जोरदार नाराजी व्यक्त केली. त्यानंतर बोर्डाचं वर्णन कर्नलच्या बाहेर, वेगळ्या फाइलमध्ये ठेवायची पद्धत एआरएमवर रुळली. पॉवरपीसीवर ती आधीपासून होती. कुठला पोर्ट कुठल्या पत्त्यावर, कुठली पिन कशासाठी, काय चालू, काय बंद, हे सगळं त्या फाइलमध्ये. हे झालं म्हणून आज एकच कर्नल अनेक बोर्डांवर चालू शकतं. पण या सोयीची एक किंमत आहे. डिव्हाइस ट्रीतली चूक बहुधा ओरडत नाही. एखाद्या पोर्टपुढं बंद असं लिहिलेलं राहिलं तर कर्नलच्या लेखी तो पोर्ट जगातच नाही. तो न सापडल्याची तक्रारही येत नाही. पिन दुसऱ्याच कामाला जोडलेली राहिली तर ड्रायव्हर आनंदानं चढतो आणि सेन्सर मात्र मुका राहतो. इथं शेवटची ओळ पुरत नाही. जी ओळ यायला हवी होती आणि आली नाही, ती ओळखावी लागते. त्यासाठी चांगल्या चालणाऱ्या बोर्डाचा लॉग आधीच साठवून ठेवायचा आणि बिघडलेल्याच्या शेजारी मांडून बघायचा. ही सवय मी प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्याच आठवड्यात लावतो. घड्याळाची डीएस३२३१ ही चिप जोडल्यावर आयटूसीच्या तक्त्यात ६८ या आकड्याच्या जागी यूयू दिसतं आणि मुलं चिप बिघडली म्हणून ती काढून टाकतात. यूयू म्हणजे चिप सापडली असून ड्रायव्हरनं ती ताब्यात घेतली आहे. चांगला लॉग शेजारी असता तर ती चिप वाचली असती.

आता वीज आणि कार्ड. पुस्तकांत याला शेवटचं पान मिळतं, शेतात मात्र निम्मे बिघाड इथूनच येतात.

दिंडोरी भागातल्या एका द्राक्षबागेत मी रास्पबेरी पायवर चालणारं, पानांचा ओलावा मोजणारं यंत्र बसवलं होतं. पानं किती तास ओली राहिली यावर डाऊनी रोग येणार की नाही याचा अंदाज बांधता येतो, म्हणून पावसाळ्यानंतरच्या छाटणीच्या दिवसांत या आकड्यांना मोल असतं. चार दिवसांनी बागमालकांचा फोन आला, "साहेब, दिवा लागतोय, पण आकडे येईनात." मी गेलो, कार्ड बदललं, चाललं, परत आलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग सिस्टिम नव्यानं लिहिली. पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला लॅपटॉप आणि केबल घेऊन बांधावर बसलो आणि ओळी वाचत राहिलो. मोडेम आकडे पाठवायला सुरुवात करी, व्होल्टेज कमी झाल्याची ओळ येई आणि लगेच पहिल्यापासून सुरुवात. मल्टीमीटर पिनांना लावला: ४.४ व्होल्ट. पायची इशाऱ्याची पातळी ४.६३ च्या आसपास आहे. ५ व्होल्टचा अडॅप्टर पंपाच्या खोलीत होता आणि तिथून खांबापर्यंत मीच बारीक तार ओढली होती. एका अँपिअरला अर्धा व्होल्ट पडायला तारेचा अर्धा ओहम पुरतो. टेबलावर हातभर केबलवर हे कधीच दिसलं नसतं. पुढं तारेतून १२ व्होल्ट नेले, खांबावरच्या डब्यात बक कन्व्हर्टर बसवून तिथं ५ केले आणि यंत्र तो हंगामभर चाललं. बागमालकांनी मात्र त्या आठवड्यात आकड्यांविना, जुन्या अंदाजानं फवारणी केली होती. ते काही बोलले नाहीत. मला ते अजून लागतं.

वीज अशी गेली-आली की कार्डाचे हाल होतात. लिहिता लिहिता वीज गेली तर अर्धवट लिहिलेला भाग मागं राहतो, आणि कार्डाच्या आतला कंट्रोलर त्या क्षणी काय हलवत होता हे आपल्याला कळत नाही. म्हणून शेतात किंवा कारखान्यात जाणाऱ्या बोर्डाची रूट फाइलसिस्टिम फक्त वाचण्यापुरती ठेवावी, बदलणाऱ्या गोष्टी रॅममध्ये किंवा वेगळ्या भागात लिहाव्यात, आणि बोर्ड अडकला की त्याला रीसेट करणारा वॉचडॉग चालू करावा, या मताचा मी आहे. सोय म्हणून याकडं बघू नये. हे केल्याशिवाय बोर्ड माणसाच्या हाती देऊ नये.

वॉचडॉग एकटा पुरत नाही हे मंगळावर दिसलं. ४ जानेवारी २००४ रोजी नासाचं स्पिरिट यान गुसेव्ह विवरात उतरलं. त्याच्यात व्हीएक्सवर्क्स ही ऑपरेटिंग सिस्टिम, १२८ एमबी रॅम आणि २५६ एमबी फ्लॅश होती. २१ जानेवारीला त्याचं बोलणं तुटलं. फ्लॅशमध्ये फाइली फार साठल्या होत्या. त्यांची यादी रॅममध्ये आणायला जागा पुरेना, म्हणून संगणक रीसेट होई. उठला की पहिलं काम फ्लॅश जोडायचं, की पुन्हा तोच अडथळा. तो साठाहून अधिक वेळा असा उठला आणि पडला. त्यामुळं त्याला झोपताही येईना आणि बॅटरी खालावत गेली. पासाडिनातल्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीच्या अभियंत्यांनी त्याला फ्लॅश न जोडता उठायची आज्ञा पाठवली. तसा तो उठला, मग त्यांनी फ्लॅश पुसून नव्यानं मांडली. ९० दिवसांसाठी पाठवलेलं ते यान २०१० च्या मार्चपर्यंत बोलत राहिलं. यात मला सगळ्यांत मोलाचं वाटतं ते असं, की फ्लॅशशिवाय उठायचा रस्ता आधीपासून ठेवलेला होता. आपल्या बोर्डावरही असा रस्ता हवा: दुसरा कर्नल, दुसरा भाग, निदान यू-बूटमध्ये थांबता येईल एवढा एक सेकंद.

सिस्टिम स्वतः बांधायची असेल तर सुरुवात बिल्डरूटनं करा. योक्टो मोठं आहे, कंपन्यांत तेच चालतं, आणि त्याच्यावर एक प्रकरण आहेच. पण पहिल्यांदा शिकणाऱ्याला काय कुठून आलं हे दिसलं पाहिजे, आणि बिल्डरूटमध्ये ते दिसतं. त्यात बिझीबॉक्स भेटेल. ब्रूस पेरेन्स यांनी १९९५ मध्ये डेबियनची सुरुवातीची सिस्टिम एका फ्लॉपीवर मावावी म्हणून तो लिहायला घेतला. फाइल दाखवणं, हलवणं, शोधणं अशा शेकडो आज्ञा एकाच प्रोग्रॅमच्या पोटात, आणि बाहेर नुसती नावं. मायक्रोकंट्रोलरचे बोर्ड आणि फ्रीआरटीओएससारख्या सिस्टिम या पुस्तकात नाहीत. त्यांचा जीव वेगळा, त्यांना वेगळं पुस्तक हवं.

भाषेबद्दल मला विचारलं गेलं. बोर्डावरच्या ओळी इंग्रजीत येतात, मग पुस्तक मराठीत कशाला? कर्नल, बूटलोडर, ड्रायव्हर हे शब्द मी तसेच ठेवले आहेत, कारण प्रयोगशाळेत मुलं तेच बोलतात. पण बिघाडाचा विचार माणूस आपल्या भाषेत करतो. "आधी हे चालू होतं का? मग काय बदललं? कुणी हात लावला?" हे प्रश्न मराठीतच येतात, आणि तालुक्याच्या पॉलिटेक्निकमधल्या मुलाला उत्तर शोधायचा रस्ताही त्याच भाषेत मिळाला तर तो इंग्रजी ओळ न घाबरता वाचतो, हे मी वर्गात वारंवार पाहिलं आहे.

पहिल्या प्रकरणासाठी बीगलबोन, केबल, ५ व्होल्टचा गोल पिनेचा अडॅप्टर आणि मल्टीमीटर एवढंच लागेल. कार्ड लावू नका. तीन तारा जोडा, पिकोकॉम उघडा. रॉमनं बोर्डावरची मेमरी वगळावी म्हणून कार्डाच्या खाचेजवळचं एस-२ हे बटण दाबून धरा आणि मग वीज द्या. ते बटण वीज येतानाच वाचलं जातं, नंतर दाबून किंवा रीसेट करून चालत नाही. बाहेरून दिलेला एकही प्रोग्रॅम चाललेला नसताना पडद्यावर पहिला सी उमटेल, मग दुसरा. ते वहीत तारीख आणि वेळेसकट लिहून ठेवा, आणि पान उलटा.